क्रीडनक, सहाध्यायी आणि मोबाइल : बालरुग्णाच्या इतिवृत्तातील एक दुर्लक्षित प्रश्न

२०२२ च्या वैशाखात तळा येथील आमच्या चिकित्सालयात एक आजी आपल्या अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. तक्रार एकच होती, वाचा फुटत नाही. मधातून वेखंड उगाळून चाटवावे की ब्राह्मीचे काही सुरू करावे, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. मूल अंगापिंडाने चांगले होते. नावाने हाक मारली असता ते मान वळवीत नव्हते, परंतु आजींच्या पिशवीत मोबाइल वाजताच झटकन वळले. इंग्रजी मुळाक्षरे व रंगांची नावे ते सुरात आणि क्रमाने म्हणे. मात्र तहान लागली म्हणजे 'पाणी' हा शब्द त्याच्यापाशी नव्हता, आजींचा हात धरून माठापर्यंत ओढत नेणे हीच त्याची भाषा होती. चारही वेळचे खाणे मोबाइल समोर उभा केल्याशिवाय होत नसे.

अशा मुलाच्या बाबतीत आधी कर्णपरीक्षण आणि विकासाची तज्ज्ञांकडून तपासणी, हा क्रम आम्ही पाळला. स्वमग्नता आणि श्रवणदोष यांचा निर्णय झाल्याखेरीज सर्व दोष मोबाइलवर ढकलणे हे निदान नव्हे, सोय आहे. श्रवण उत्तम निघाले. स्वमग्नतेची लक्षणे तज्ज्ञांना दिसली नाहीत. त्यानंतर आम्ही घरच्यांना निक्षून सांगितले की, घरातील मोबाइल आजपासून पूर्ण बंद.

मृगाचा पाऊस झाल्यावर आजी पुन्हा आल्या. नातू 'दे', 'नको', 'माऊ' असे शब्द बोलू लागला होता. आम्ही समाधानाने लेखणी उचलली, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "त्याचं बरं चाललंय हो, पण मोठीनं तुमचं नाव टाकलंय." ही मोठी म्हणजे मुलाची बहीण, इयत्ता सातवीत गेलेली. त्या घरात एकच मोबाइल होता आणि तो मुळात तिच्या शाळेसाठी घेतलेला होता. ती आणि आळीतील तिघी मैत्रिणी दुपारी पडवीत त्यावर बसत. पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह टिपून धड्याची चित्रफीत पाहत, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी एक उद्योग आरंभिला होता. गडाच्या वाटेवरील व परसातील झाडाझुडपांची छायाचित्रे काढावयाची आणि प्रत्येक चित्रासोबत आजींच्या आवाजात त्याचे नाव व उपयोग नोंदवावयाचा. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे, कुडा अशा साठ-एक नोंदी झाल्या होत्या. आमच्या आदेशानंतर मोबाइल कपाटात कुलूपबंद झाला. पहिल्या पावसाची शेवळे उगवली आणि सरली, नोंद झाली नाही.

एकाच घरात, एकाच मोबाइलने, एका भावंडाची वाचा अडविली होती आणि दुसऱ्याची बुद्धी चालविली होती. आम्ही दोघांना एकच औषध एकाच मात्रेत दिले. वय, काल, सात्म्य यांचा विचार न करता दिलेल्या औषधाविषयी आपले शास्त्र काय म्हणते, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगणे नको. त्या चुकीतून जो अभ्यास घडला, तो येथे मांडीत आहोत.

मोबाइल घरात कसा आला

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, तळा, माणगाव या टापूत घरांचे पत्रे व कौले उडाली, सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. कित्येक गावांत वीज परत येण्यास आठवडे लागले आणि मोबाइलचे मनोरेही मुके झाले. त्याच जून महिन्यात, महामारीमुळे बंद असलेल्या शाळांचे नवे वर्ष 'घरूनच' सुरू झाले. डोक्यावर ताडपत्री, घरात अंधार आणि शाळा मोबाइलमध्ये, असा तो काळ होता. मुंबईतील चाकरमानी गावी परतले होते. त्यांच्या मोबाइलवर, नाही तर उसनवारीने घेतलेल्या नव्या मोबाइलवर मुलांचे धडे येऊ लागले. खाली सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातील दारिस्ते गावच्या एका विद्यार्थिनीने तर डोंगरावर झोपडी उभारून त्या पावसाळ्यात अभ्यास केला, कारण 'रेंज' तेथेच मिळत होती.

ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालानुसार, घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. तीन वर्षांत घराघरांत आलेली ही वस्तू शाळा उघडल्यावर परत गेली नाही. तिचे काय करावयाचे हे कोणी कोणास शिकविलेही नाही. २०२४ च्या 'असर'मध्ये १४ ते १६ वयोगटातील ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो काही शैक्षणिक कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पहिला आकडा वाचून आम्हांस आश्चर्य वाटले, दुसरा वाचून वाटले नाही. आपण बहुतेक वैद्य दुसराच आकडा धरून बसतो.

चरकाचार्यांची खेळण्याची कसोटी

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आले आहे, तेथे खेळणी कशी असावीत याचे लक्षण सांगितले आहे. ती चित्रविचित्र रंगांची, नाद करणारी, मनोहर असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील एवढी लहान नसावीत, प्राणघातक नसावीत आणि भय उपजविणारी नसावीत. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात याच धर्तीवर लाखेची, नाद करणारी, मोठ्या आकाराची, गाय-घोड्यासारख्या रूपाची खेळणी सांगितली आहेत आणि ती नसल्यास फळही चालेल असे म्हटले आहे.

ही कसोटी मोबाइलला लावून पाहावी. पहिल्या तीन गुणांत तो सर्वांवर मात करतो. रंग, नाद आणि रमविण्याची शक्ती यांत त्याच्यापुढे लाखेचा घोडा टिकणार नाही. तो जडही नाही, टोकदारही नाही. म्हणूनच तो पालकांस निर्दोष खेळणे भासतो. परंतु शास्त्रकारांनी गृहीत धरलेली एक गोष्ट येथे नाही. लाखेचा घोडा स्वतः काही करीत नाही. त्याला हालविणारे, पाडणारे, पुन्हा उभे करणारे मूलच असते. नाद होतो तो मुलाने हालविल्यामुळे. चित्रफितीत नाद आपोआप होतो, घोडा आपोआप धावतो आणि मूल बसून राहते. खेळणे खेळते आणि मूल पाहते, असा हा उलटा व्यवहार आहे. याउलट, मोठ्या बहिणीच्या हातात तोच मोबाइल पुन्हा लाखेच्या घोड्यासारखा झाला होता. ती चालवील तेव्हाच तो चालत होता.

तोंडात न शिरण्याच्या लक्षणाबाबत एक धोक्याची सूचना, विषयाच्या किंचित बाहेरची असली तरी येथे दिलीच पाहिजे. जत्रेतील चमकणारी व गाणारी खेळणी, दूरचित्रवाणीचे काही रिमोट, वाजणारी शुभेच्छापत्रे यांत गुंडीएवढी चपटी बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांच्या आत तेथे दाह होऊन गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी वमन देऊ नये, वाट पाहू नये. क्ष-किरण तपासणी व दुर्बिणीने काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. तळ्यासारख्या ठिकाणाहून तो प्रवास लांबचा आहे, म्हणून घरातच ज्या खेळण्यांच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती खेळणी लहानग्यांपासून दूर ठेवावयास सांगावे.

भयाविषयी चरकाचार्य आणखी एक गोष्ट सांगतात. मूल रडत असो, जेवत नसो, ऐकत नसो; त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये. आपल्याकडे बागुलबुवाने ते काम पिढ्यान् पिढ्या केले. आता बागुलबुवा निवृत्त झाला आहे. 'मोबाइल देणार नाही' ही नवी भीती आणि 'मोबाइल देते' हे नवे आमिष, दोन्ही एकाच वस्तूतून निघतात. रडण्याचे कारण भूक आहे, झोप आहे की दुखणे आहे, हे पाहण्याआधीच रडणे थांबते, आणि आपल्यापुढे बसलेल्या आईला त्या रडण्याविषयी काही सांगता येत नाही. बोलता न येणाऱ्या बालकाचे रोदन हे आपल्या परीक्षेचे एक साधन आहे. ते साधनच बोथट होते.

वाचा कशाने फुटते

अमेरिकेतील वैज्ञानिक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बालरोगचिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविली. काहींसमोर प्रत्यक्ष चिनी बोलणारी व्यक्ती बसून खेळत होती, काहींना त्याच व्यक्तीची चित्रफीत दाखविली, काहींना केवळ आवाज ऐकविला. प्रत्यक्ष माणसासोबत बसलेली बालके त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू लागली. चित्रफीत पाहणारी व आवाज ऐकणारी बालके मुळीच नाही. शब्द तेच होते, चेहराही तोच होता. उणे होते ते प्रत्युत्तर.

मात्र येथे थांबून 'पडदा वाईट' असा निष्कर्ष काढू नये. २०१४ मध्ये रोझबेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ ते ३० महिन्यांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, व्हिडिओ कॉलवर जिवंत संवाद साधणाऱ्या व्यक्तीकडून मुले नवे शब्द शिकली. तसेच बोलणे आधी चित्रित करून दाखविले असता शिकली नाहीत. म्हणजे पडद्यापलीकडे ऐकणारे, थांबणारे आणि उत्तर देणारे कोणी आहे काय, हा भेद आहे. आमच्या तालुक्यात याला मोठे मोल आहे. येथील घरोघरचे बाप-काका मुंबईत असतात. रात्री दहा मिनिटे बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोबडे बोलणारे मूल आणि त्याच मोबाइलवर दोन तास गाणी पाहणारे मूल, यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही दोन वर्षांखालील मुलांना पडदा वर्ज्य सांगताना नातेवाइकांशी प्रसंगोपात्त होणारा व्हिडिओ कॉल अपवाद म्हणून ठेवतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांस दिवसाला एक तासाची आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांस दोन तासांपेक्षा कमी अशी मर्यादा त्यांनी सांगितली आहे.

चौथा हिस्सा सहाध्यायींचा

विद्या चार हिश्शांनी येते, असे आपल्याकडे परंपरेने सांगितले जाते. एक हिस्सा आचार्यांकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायींकडून आणि एक काळाच्या ओघात. संगणकाने मूल कसे शिकते याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे मोठे प्रयोग झाले, त्यांतील बराचसा वाद या चारांपैकी कोणता हिस्सा सोडला आणि कोणता धरला यावरचाच आहे, असे आम्हांस वाटते.

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी भागात एनआयआयटी या संस्थेच्या कार्यालयाच्या भिंतीस भोक पाडून तेथे एक संगणक बसविण्यात आला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. सुगत मित्र यांचा हा प्रयोग 'भिंतीतील भोक' या नावानेच जगभर गेला. शिकविणारा कोणी नव्हता. वस्तीतील मुले स्वतःच तो चालवावयास शिकली आणि त्यांनी एकमेकांस शिकविले. पुढे अशी केंद्रे देशात अनेक ठिकाणी उभी राहिली. आपल्या कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांतही ती होती. या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली. थोराड मुलगे पुढे घुसतात आणि मुली मागे राहतात, देखभाल थांबली की पेटी बंद पडते, आणि शिक्षक वगळून केवळ खेळण्यापलीकडे शिक्षण फारसे जात नाही, असे टीकाकारांचे म्हणणे. ती टीका रास्त आहे. तरीही एक निरीक्षण टिकून राहते. तेथे एका पडद्यासमोर एक मूल नव्हते, घोळका होता. एक चालवी, दोघे सल्ला देत, बाकीचे पाहत आणि आपली पाळी मागत. शिकणे त्या भांडणात व सल्ल्यात होते.

दुसरा प्रयोग आमच्याच जिल्ह्यातला, आणि तो आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथे पहिली ते चौथीची, एका खोलीची आणि एका शिक्षकाची शाळा होती, मुले वीस-बावीस. २००७ च्या ऑक्टोबरात 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग तेथे सुरू झाला. निकोलस निग्रोपाँटे यांच्या प्रेरणेने तयार झालेला तो हिरवा-पांढरा छोटा संगणक मुलांसाठीच घडविलेला होता. उन्हातही वाचता येईल असा पडदा, धूळ व पाणी आत न जाऊ देणारा रबरी कळफलक, छायाचित्रे काढण्याची सोय, आणि इंटरनेट नसले तरी जवळचे संगणक आपसांत जोडले जाण्याची व्यवस्था त्यात होती. पाटी-पेन्सिलीसारखा तो मुलाने घरी न्यावा, अशी प्रकल्पाची कल्पना होती.

या यंत्रात जे खेळ भरलेले होते, त्यांतील एक आम्हांस विशेष वाटतो. पडद्यावर एक कासव असते. त्याला 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञा द्यावयाच्या, म्हणजे ते मागे रेघ सोडीत चालते. चौकोन हवा असेल तर चार वेळा चालणे आणि चार वेळा काटकोनात वळणे. आज्ञा चुकली तर आकृती वेडीवाकडी होते, आणि मूल ती पाहून आपली चूक कोठे झाली हे स्वतःच शोधते. या कल्पनेचे जनक सीमोर पेपर्ट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची मांडणी केली आहे. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर कार्य पाहून कारणाचे अनुमान करण्याचा हा खेळ आहे. यात कासव मुलास रमवीत नाही. मूल कासवाला चालविते.

मात्र केवळ यंत्र वाटून काय होते, याचे उत्तर पेरू देशाने दिले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचा अहवाल २०१२ मध्ये आला. हेच संगणक मिळालेल्या मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत काही वाढ आढळली नाही. सामान्य विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच या प्रकल्पात सामील होण्यास नकार दिला होता. एवढा खर्च वर्ग, शिक्षक व फळे यांवर करावा, हे म्हणणे चुकीचे नव्हते. आचार्याचा हिस्सा वगळून उरलेले तीन हिस्से किती भरून निघतात, याची मर्यादा येथे दिसते. उलट बाजूने पाहावयाचे तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात ती चौकोनी संकेतचिन्हे आणली, त्यातून मुलास धड्यापासून चित्रफितीपर्यंत नेण्याची वाट झाली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. तेथे यंत्रामागे आचार्य उभा होता.

आमच्या तळ्याच्या पडवीत चार मुली आणि एक मोबाइल, ही मांडणी या सर्व प्रयोगांतील उत्तम अंशाच्या जवळ जाणारी होती. सहाध्यायी होत्या, स्वतःची बुद्धी होती आणि आचार्यस्थानी आजी होत्या. ती आम्ही मोडली.

नेत्राविषयी थोडे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात इंद्रियार्थांचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग सांगताना अतितेजस्वी रूप फार वेळ पाहणे हा अतियोग, आणि अतिसमीप वा विकृत, भयंकर रूप पाहणे हा मिथ्यायोग म्हटला आहे. हाताच्या वितीवर धरलेला पडदा दोन्हींत बसतो. तथापि मुलांच्या वाढत्या निकटदृष्टीचा प्रतिबंध करण्यास सर्वांत भक्कम आधार मिळाला आहे तो डोळ्यांत घालावयाच्या थेंबांसाठी नव्हे, अंगणासाठी. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यात निकटदृष्टी येण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर इतर मुलांत ३९.५ टक्के. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात कोकणातील मूल चार महिने घरात अडकते ही अडचण खरी. पण ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही खोलीतील दिव्यापेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. उघडीप मिळताच मुलाला बाहेर सोडावे, चिखलाची भीती बाळगू नये.

इतिवृत्त आणि क्रम

'मुलगा किती वेळ मोबाइल पाहतो' या प्रश्नाचे खरे उत्तर सहसा मिळत नाही. आई अर्धा तास सांगते, आजी दिवसभर सांगते. म्हणून आम्ही आता तो प्रश्न शेवटी विचारतो. आधी विचारतो की मोबाइल हातात असताना जवळ कोण असते; मूल नुसते पाहते की काही करते; कोणत्या वेळी देता, जेवताना, झोपताना की रडताना; आणि तो आला तेव्हा दिवसातील कोणती गोष्ट गेली, अंगण, झोप, गोष्ट की शेजारची मुले. रुग्णपत्रिकेत घरातील प्रत्येक मुलासाठी वेगळी ओळ ठेवतो. हे चार-पाच मिनिटांचे काम आहे, आणि बहुधा निदान येथेच होते.

जेवताना मोबाइल पाहणाऱ्या बालकाविषयी शास्त्र अगदी स्पष्ट आहे. आहारविधीत अन्नावर मन ठेवून जेवावे असे सांगितले आहे. पडद्यात गुंतलेल्या मुलास भूक भागल्याची जाणीव होत नाही, नको असताना घास आत जातो, कधी आधीचे जिरण्यापूर्वीच पुढचे दिले जाते. 'मोबाइलशिवाय जेवत नाही' ही तक्रार तपासली तर पुष्कळदा 'भूक लागण्यापूर्वीच भरविले जाते' हे मूळ निघते.

परंतु ही सवय एकदम तोडू नये. नवेगान्धारणीय अध्यायातील पादांशिक क्रम येथे तंतोतंत लागू पडतो : अहितकर सवय पादापादाने सोडावी, हितकर सवय पादापादाने जोडावी आणि मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर राखावे. पाद म्हणजे चतुर्थांश की षोडशांश याविषयी टीकाकारांत मतभेद आहे, तो आपण पंडितांवर सोपवू. चार वेळा खाणाऱ्या मुलाचा चतुर्थांश म्हणजे एक जेवण, हे आजींनाही लगेच उमगते. ज्या वेळी मुलास कडकडून भूक असते आणि घरातील सर्व जण एकत्र बसतात, ते जेवण पहिले निवडावे. त्या वेळी मोबाइल दिसेल असा ठेवूच नये. मोठ्यांचेही दूर ठेवावेत. त्याच्या जागी काहीतरी हातात द्यावे, भाकरीच्या पिठाचा गोळा, रिकामी वाटी, चमचा. दोन-तीन दिवस रडणे होते, एखादे जेवण अर्धे राहते. त्याने मूल खंगत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. वजन मात्र आठवड्याने करावे. ते स्थिरावले म्हणजे दुसरे जेवण. झोपण्यापूर्वीचा मोबाइल शेवटी सुटतो, कारण तो बहुधा आईच्या थकव्याशी बांधलेला असतो. मुलगी-सून दोन्ही नाती एकटीने सांभाळणाऱ्या त्या बाईस दोष देऊन काही साधत नाही. संध्याकाळचा अर्धा तास मूल कोण सांभाळील, याची घरात व्यवस्था लावून द्यावी लागते.

औषधालयचालक बंधुभगिनींना एक विनंती. परीक्षेच्या दिवसांत ब्राह्मी-शंखपुष्पीच्या बाटल्यांची मागणी वाढते, हे आपण सर्व जाणतो आणि त्यावर आपला व्यवसायही चालतो. बाटली देण्यापूर्वी एवढेच विचारावे की, रात्री मुलगा झोपतो तेव्हा मोबाइल कोठे असतो. उशाशी असेल तर निद्रा या उपस्तंभालाच भेग पडली आहे, आणि ती बाटलीने बुजणार नाही. ग्राहक तुटेल अशी शंका येते. आमचा अनुभव उलट आहे, असा प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक परत येतात. आणि प्रतीक्षेत किरकिरणाऱ्या मुलास शांत करण्यासाठी आपल्याच बाकड्यावर मोबाइल दिला जातो, तिकडेही लक्ष असावे. आम्ही तेथे सागरगोटे, लाकडी भोवरे आणि वेगवेगळ्या बियांनी भरलेले, घट्ट बूच लावलेले पारदर्शक डबे ठेवले आहेत. सागरगोटे लहानग्यांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद राहत. मुलांनी त्या वेळी वाचावे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. या उपक्रमाची देशभर वार्ता झाली. त्यातील मर्म आम्हांस असे वाटते की, भोंगा मुलांसाठी नव्हता, गावासाठी होता. बापाच्या हातातील मोबाइल चालू असताना मुलाच्या हातातील बंद होत नाही. तळ्याच्या बाजारात असा भोंगा वाजवावा काय, याची चर्चा आमच्या मित्रमंडळींत झाली. व्यापारी मित्रांनी सातची वेळ गिऱ्हाइकाची म्हणून मोडता घातला, आणि तो विषय तूर्त तेथेच आहे.

त्या घरी आम्ही दुसऱ्या आठवड्यात स्वतः गेलो आणि आदेश बदलून दिला. धाकट्याच्या दृष्टीस मोबाइल पडू नये. बाबांचा व्हिडिओ कॉल तेवढा आजींच्या मांडीवर बसून. मोठीसाठी दुपारी चार ते पाच, पडवीत, चौघी असतील तरच. एकटी असेल त्या दिवशी नाही. ही शेवटची अट तिला पसंत नव्हती आणि तिने ती तोंडावर सांगितली. आम्ही ती कायम ठेवली, जरी आजही ती पूर्णतः बरोबर होती याची खात्री देता येत नाही. श्रावणात ती चिकित्सालयात आली, मोबाइलवरील एक चित्र दाखवून म्हणाली, आजीला याचे नाव येत नाही, तुम्हांला येते का. पान अस्पष्ट होते, फूल नव्हते. आम्ही तिला फांदी घेऊन यावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी चौघीही आल्या, आणि फांदीसोबत मुळासकट उपटलेले अख्खे रोप घेऊन आल्या.